कणभर चढा

थिएटरात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे कानसाहेब म्हणत. तोंडावर आदराने, पाठीमागे चेष्टेने, पण म्हणत सगळेच. तिकीट खिडकीवरच्या माणसापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळ्यांना त्या कानाचा धाक होता. कप तडकलेला आहे हे त्यांना चहात साखर ढवळतानाच कळायचं, आणि मग चहावाल्याची खैर नसे. जिन्यात पाऊल वाजलं की कोण येतंय हे ते मान वर न करता सांगायचे, शिवाय त्याच्या कुठल्या बुटाची टाच झिजलीय तेही.

कानसाहेब तिथे पहिले व्हायोलिनवादक होते. रंगमंचाच्या पुढ्यात, प्रेक्षकांच्या पायाशी जो खोलगट भाग असतो, तिथे वाजवणारे बसतात. त्या जागेला सगळे खड्डाच म्हणत, आणि त्यावरून करून करून सगळे विनोद झिजून गेले होते. "कुठे असता हल्ली?" "खड्ड्यात." "बरं आहे ना?" "खड्ड्यात गेलेल्या माणसाचं असतं तितपत." खेळ सुरू व्हायच्या आधी कानसाहेब आपल्या व्हायोलिनवर एक लांब सूर धरायचे आणि बाकीचे त्या सुराला आपापली वाद्यं जुळवायचे. ज्याचं जुळलं नसेल त्याच्याकडे ते नुसते बघायचे. तेवढं पुरे असायचं. बँडमास्तर छडी घेऊन उभे असत, पण कानसाहेबांची मान हलल्याशिवाय त्यांची छडीही हलत नसे.

त्यांच्या उजव्या हाताला, एकाच स्टँडवरचं नोटेशन वाचत, त्यांचा धाकटा भाऊ बसायचा. डोक्यावरचे केस गेले, चष्मा लागला, मुलगी लग्नाला आली, तरी त्याला सगळे छोट्याच म्हणत. वडील लवकर गेले तेव्हा छोट्या अर्ध्या चड्डीत होता. त्याला वाढवलं दादाने आणि व्हायोलिन हातात दिलं तेही दादानेच. सुरुवातीला दादाने व्हायोलिनच्या पट्टीवर कागदाच्या बारीक चिकटपट्ट्या लावल्या. "बोट इथे पडलं पाहिजे. इथे म्हणजे इथे." काही महिन्यांनी एके दिवशी त्याने त्या सगळ्या पट्ट्या ओरबाडून काढल्या.

"आता कुठे बोट ठेवू?" छोट्या रडवेला झाला.

"कान लाव. सापडेल."

"पण बरोबर आलं हे कळणार कसं?"

"मी सांगेन की."

आणि दादा सांगत राहिला. खरं तर छोट्याचा कान काही कच्चा नव्हता. दादाइतका नसेल, पण चारचौघांपेक्षा उजवा होता. गोची एवढीच की त्याला तो कधी वापरावा लागला नाही. सूर लागला की तो तिरप्या नजरेने दादाकडे बघायचा. दादाचा चेहरा शांत असला की सूर बरोबर. दोघांची बोटं एका वेळी पडायची, गज एका वेळी फिरायचे, आणि वरच्या रांगेतल्या लोकांना वाटायचं की एकच व्हायोलिन जरा मोठ्याने वाजतंय. घरी दोघांच्या बायका म्हणत, यांनी एकमेकांशीच लग्न करायला हवं होतं.

एका मोसमात नाचाचा एक खेळ लागला. त्यातल्या दुसऱ्या अंकात एक संथ तुकडा होता, फक्त दोन व्हायोलिनांचा. बाकी सगळे गप्प बसायचे. त्या तुकड्याच्या शेवटच्या चार ओळी बँडमास्तरांनी छोट्याला एकट्याला दिल्या. कानसाहेबांनी मोठ्या मनाने मान डोलावली, आणि मन तेवढं मोठं नव्हतं हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

तिसऱ्या-चौथ्या खेळाला, वाजवता वाजवता, त्यांना उजवीकडून काहीतरी टोचलं. मध्यंतरात त्यांनी छोट्याला बाजूला घेतलं.

"चढा वाजवतोयस."

"कुठे?" छोट्या दचकला.

"सगळीकडे. जास्त नाही, कणभर. पण चढा."

आपल्याकडे चढा हा शब्द मोठा वाईट. सूर चढा असतो, आवाज चढा असतो आणि माणूस चढेल असतो. कानसाहेबांनी शब्द सुराबद्दल वापरला आणि मनात अर्थ माणसाबद्दलचा धरला. चार ओळी एकट्याला मिळाल्या आणि स्वारी लगेच हवेत गेली, असं त्यांना वाटलं. त्या रात्री बायकोजवळ तसं ते बोललेही. बायको म्हणाली, "भाऊजी आणि हवेत? ते जिना उतरतानासुद्धा भिंत धरतात." पण कानसाहेबांनी ते ऐकून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी छोट्याने बोट कणभर खाली घेतलं. दादाचा चेहरा शांत झाला. महिना-दोन महिने बरे गेले. मग पुन्हा मध्यंतरात, "अरे, पुन्हा चढलास." पुन्हा छोट्या खाली आला. हे असं वर्ष, दोन वर्षं चालू राहिलं. त्याच्या स्वतःच्या कानाला ते खटकत नव्हतं असं नाही. पहिल्यांदा खूप खटकलं. एकदा त्याने भीत भीत विचारलंही, "दादा, मला तर आधीचंच बरोबर वाटतंय." तेव्हा दादा म्हणाला, "तुझा कान थकलाय. माझ्या कानाने चाल." आणि छोट्या दादाच्या कानाने चालायला लागला. आपल्याला जिथे बरोबर वाटतं त्याच्या जरा खाली खरं बरोबर असतं, अशी त्याने स्वतःला सवय लावून घेतली.

आता खड्ड्यात बाकीची माणसं होती आणि त्यांनाही कान होते. क्लॅरिनेटवाला मागून टवकारून बघायला लागला. पियानोवाली बाई ओठ आवळायला लागली. पण कानसाहेबांच्या सख्ख्या भावाबद्दल कानसाहेबांदेखत कोण बोलणार? कुजबुज फिरत फिरत बँडमास्तरांपर्यंत गेली. त्यांनी एके दिवशी खेळानंतर कानसाहेबांना आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तुम्हाला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही," ते म्हणाले. "छोट्या सुरात नाही असं लोक म्हणतायत. मलाही तसं वाटतं. तुमचं काय म्हणणं?"

इथे कानसाहेब सांभाळून घेऊ शकले असते. बघतो, बोलतो त्याच्याशी, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण सुराच्या बाबतीत त्यांनी कधी कुणाची भीड ठेवली नव्हती, आणि भावाची ठेवली असं कुणी म्हणू नये याचीही त्यांना फार काळजी होती.

"नाही सुरात," ते म्हणाले. "मी केव्हापासून सांगतोय त्याला. आता त्याच्याच्याने होईल असं मला वाटत नाही."

संपलं. सुरात नाही म्हणजे कुठल्या बाजूने नाही, वर की खाली, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. बँडमास्तरांच्या मनात होतं की तो उतरलाय, कानसाहेबांच्या मनात होतं की तो चढलाय, आणि दोघांनी एकमेकांकडे बघून खेदाने मान हलवली. एवढा एक शब्द त्या खोलीत निघाला असता तरी सगळं उलगडलं असतं.

छोट्याला सांगायचं काम कानसाहेबांनी स्वतःकडे घेतलं. थिएटरच्या मागच्या जिन्यात सांगितलं. छोट्या खालच्या पायरीवर उभा होता, व्हायोलिनची पेटी छातीशी धरून.

"तुला तसं ऐकू येतंय ना?" त्याने विचारलं.

"येतंय."

"मग तसंच असणार," छोट्या म्हणाला. तो भांडला नाही, रडला नाही. पेटी दुसऱ्या हातात घेतली आणि भिंत धरून खाली उतरत गेला.

पुढे तो मेहुण्याच्या दुकानात किल्ल्या बनवायला बसला. बाजाराच्या कोपऱ्यावर बोळकंडीएवढं दुकान, भिंतीभर लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि किंचाळणारं घासायचं यंत्र. व्हायोलिन त्याने माळ्यावर टाकलं. त्याची बायको गरीब स्वभावाची, पण तिनेही एकदा निरोप पाठवलाच: दादांना म्हणावं, आमच्याकडे यायचं असेल तर कान घरी ठेवून या. कानसाहेबांना ते लागलं. मग येणं-जाणं कमीच होत गेलं.

छोट्याच्या खुर्चीवर नवी बाई आली. दुसऱ्या वाद्यवृंदात पुष्कळ वर्षं वाजवून आलेली, जाड चष्म्याची आणि कुणाच्या बापाला न भिणारी. पहिल्याच आठवड्यात कानसाहेबांनी मध्यंतरात घसा साफ केला.

"बाई, कणभर चढा येतोय तुमचा."

"माझा?" तिने पर्समधून सूर मोजायचं चिमुकलं यंत्र काढलं, स्टँडवर ठेवलं आणि गज ओढला. काटा मधोमध येऊन उभा राहिला. "बघा. आता बोला."

"यंत्रं बिघडतात," कानसाहेब म्हणाले.

"बिघडतात ना. माणसंही बिघडतात. एकदा कान दाखवून या."

 ट्रम्पेटवाल्याला खोकला आला, खोटा. कानसाहेबांना इतकी चीड आली होती की दुसरा अंक त्यांनी दात आवळून वाजवला. ही बाईही चढेल, असं म्हणून त्यांनी विषय मनातून काढून टाकला. म्हणजे काढायचा प्रयत्न केला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी बायकोने त्यांना फोन हातात दिला. नळाला पाणी नव्हतं आणि कचेरीत तक्रार करायची होती. डाव्या कानाला फोन, समोर चहा. पलीकडे घंटी वाजत होती, कुणी उचलत नव्हतं. डावा हात अवघडला म्हणून कानसाहेबांनी फोन उजव्या हातात घेऊन उजव्या कानाला लावला, आणि घंटी वर सरकली.

त्यांनी फोन पुन्हा डाव्या कानाला लावला. घंटी खाली. उजव्या कानाला, वर. कणभर. अगदी तेवढाच कण, जो ते ओळखत होते. डावा, उजवा, डावा, उजवा. तेवढ्यात पलीकडे कुणीतरी फोन उचलला.

"हॅलो," पलीकडचा म्हणाला.

"पुन्हा म्हणा," कानसाहेब म्हणाले.

"हॅलो! बोला!"

"एकदाच. आता या कानात."

पलीकडच्याने जे काही म्हटलं ते छापण्यासारखं नाही. पाण्याची तक्रार राहिली ती राहिलीच. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा कानसाहेब फोन मांडीवर ठेवून बसले होते आणि चहावर साय धरली होती.

"उजवा," ते म्हणाले. "तो उजवीकडे बसायचा."

आपलं स्वतःचं व्हायोलिन वाजवणाऱ्याच्या डाव्या कानाशी असतं. तो कान त्यांचा शाबूत होता, म्हणून स्वतःचा सूर त्यांना नेहमी बरोबर ऐकू यायचा. छोट्याचा सूर यायचा उजवीकडून. उजवा कान जे ऐकायचा ते कणभर वर चढवून सांगायचा, आणि तो दिवसेंदिवस जास्तच चढवत गेला होता. चढलेलं काही असेल तर ते कानसाहेबांच्याच डोक्यात होतं. हे सगळं त्यांना घंटी वाजेपर्यंत माहीत नव्हतं, आणि घंटी वाजल्यावर एका घोटाच्या आत सगळं कळलं.

कानाच्या डॉक्टरने त्यांना काचेच्या खोलीत बसवून आवाज ऐकवले, बटण दाबायला लावलं. उजव्या कानात वरचे आवाज जवळजवळ गेले होते आणि उरलेले सरकले होते. "आयुष्यभर आवाजात बसलात," डॉक्टर म्हणाला. "कधी कधी एका कानाला आधी लागतं. तोच का, ते नाही सांगता येत."

"हे केव्हापासून असेल?"

"नक्की कसं सांगणार? पण काही वर्षं झाली असतील. तुम्हाला जाणवलं नाही?"

"जाणवलं," कानसाहेब म्हणाले. "मला वाटलं भाऊ बिघडला."

यंत्र लावा म्हणाला डॉक्टर. पण यंत्र आवाज मोठा करेल, सूर सरळ करणार नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. कानसाहेबांनी यंत्र घेतलं आणि कपाटात, हातरुमालांच्या खाली ठेवलं.

आता खरी लाज वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. कानसाहेबांनी थिएटरात कुणालाही काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन त्यांनी नव्या बाईची खुर्ची उचलली आणि आपल्या उजवीकडून डावीकडे आणून ठेवली. "इकडे उजेड नीट पडतो," म्हणाले. बाईने खांदे उडवले आणि बसली. त्या संध्याकाळी सगळं सुरात होतं. नाचणाऱ्या मुली, दोन व्हायोलिनं, मागचा क्लॅरिनेट, सगळं. एक खुर्ची इकडची तिकडे करायला जेमतेम चहाचा घोट घ्यायला लागतो तेवढा वेळ लागला होता. छोट्यासाठी ती कुणी केली नाही. घरी आल्यावर कानसाहेब बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बायकोला नळाचा आवाज ऐकू आला आणि बाकीचं न ऐकताच समजलं.

त्या एका कानाशी ते जमवून राहायला शिकले. रस्त्याने चालताना बायकोला डावीकडे ठेवायचं. दुकानात उजवीकडून कुणी काही विचारलं तर हो म्हणायचं नाही, कारण तसं हो हो करताना एकदा ते भलत्याच माणसाचं सामान घरी घेऊन आले होते. झोपताना डाव्या कुशीवर झोपायचं, म्हणजे चांगला कान उशीत बुडतो आणि सगळं घर लांब जातं. ते लांब जाणं त्यांना आवडायला लागलं होतं. तिथे कुणी काही वाजवत नसे.

छोट्याला सांगायला हवं, हे पहिल्या दिवसापासून त्यांना कळत होतं. सांगितलं की छोट्याला त्याचा कान परत मिळणार होता, आणि कानसाहेबांचं नाव जाणार होतं. हे असं समोरासमोर ठेवलं की माणूस काय निवडेल असं आपल्याला वाटतं? आपण तेच निवडू, असं कानसाहेबही समजत होते. ते छोट्याच्या दुकानात गेले. यंत्र किंचाळत होतं.

"छोट्या, मला तुला एक सांगायचंय."

"काय?" छोट्या ओरडला. "कुठली किल्ली?"

कानसाहेबांचं धैर्य तेवढंच होतं. त्यांनी खिशातून घराची किल्ली काढून दिली. छोट्याने तशीच दुसरी बनवली, फुंकर मारली, बोटाने धार चाचपली आणि हसून दिली. पुढच्या महिन्यात ते पुन्हा गेले आणि कपाटाची किल्ली करून परत आले. मग गच्चीची. मग पेटीची. मग पुन्हा घराची. बायकोने एक दिवस ड्रॉवर उघडला आणि किल्ल्यांचा ढीग बघून कमरेवर हात ठेवले.

"अहो, आपल्याकडे कुलपं किती आणि किल्ल्या किती?"

कानसाहेबांनी ड्रॉवर लावून टाकला.

"तुम्ही सांगणार आहात की मी जाऊन सांगू? मी सांगितलं तर मला जे येतं त्या भाषेत सांगेन. मग म्हणू नका."

तोपर्यंत थिएटरातलंही अवघड होत चाललं होतं. बँडमास्तर उजव्या बाजूला उभे असत आणि त्यांचं निम्मं बोलणं कानसाहेबांना कळेनासं झालं. एका खेळाला ते चुकीच्या ओळीवरून सुरू झाले. कुणी काही बोललं नाही, आणि ते न बोलणं त्यांना फार ओळखीचं वाटलं. दुसऱ्या दिवशी ते बँडमास्तरांच्या खोलीत गेले, दार लावलं आणि सगळं सांगितलं. छोट्याचं, फोनचं, खुर्चीचं.  "मी विचारायला हवं होतं, वर की खाली," बँडमास्तर म्हणाले. कानसाहेब म्हणाले, "मी सांगायला हवं होतं." आणि त्यांनी नोकरी सोडली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ते आपलं व्हायोलिन घेऊन छोट्याच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, जिन्याला लागून. छोट्याच्या बायकोने दार उघडलं, त्यांच्या हातातली पेटी बघितली आणि बाजूला झाली. छोट्या खिडकीशी पेपर वाचत बसला होता.

यंत्र किंचाळत नव्हतं, त्यामुळे सबब नव्हती. कानसाहेबांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. उजव्या कानाचं, डॉक्टरचं, सगळं. छोट्याने पेपर हळूहळू घडी करून ठेवला.

"म्हणजे मी चढा नव्हतो?"

"नव्हतास."

"कधीच?"

"कधीच नाही. तू बरोबर होतास. मी तुला खाली खाली आणलं."

छोट्याच्या बायकोने हातातलं पातेलं ओट्यावर आदळलं. "एवढं सांगायला एवढी वर्षं लागली तुम्हाला?"

"लागली," कानसाहेब म्हणाले.

"हे न्हाणीत गुणगुणायचे. तेसुद्धा बंद केलं. म्हणायचे, शेजारी ऐकतील, कानसाहेबांचा भाऊ आणि बेसूर. पोरीच्या लग्नात सगळे म्हणाले वाजवा, तर हे उठून बाहेर जाऊन उभे राहिले. ते कोण भरून देणार?"

"थांब गं," छोट्या म्हणाला.  "अगं, मी बरोबर होतो. ऐकलंस ना? मी बरोबर होतो."

कानसाहेबांना वाटलं होतं की तो शिव्या देईल. त्यांनी मनातल्या मनात त्याची तयारीही केली होती. याची तयारी त्यांनी केलेली नव्हती. ते म्हणाले, "मी बँडमास्तरांशी बोलतो. तुझी जागा—"

"नको. परत खड्ड्यात नको. किल्ल्यांचं माझं बरं चाललंय." छोट्या उठला. "घरात वाजवलं तरी पुष्कळ आहे मला."

तो स्टुलावर चढून माळ्यावरून पेटी काढायला लागला. बायकोने न सांगता स्टूल धरलं. व्हायोलिनवर धूळ नव्हती. पेटी आतून कुणीतरी अधूनमधून पुसत असणार, आणि ते छोट्या नसणार, हे कानसाहेबांना त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावरून कळलं. तारा मात्र ढिल्या पडल्या होत्या. कानसाहेबांनी त्या डाव्या कानाशी धरून एकेक खुंटी पिळत जुळवून दिल्या. मग दोन खुर्च्या शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या, आणि कुणी न ठरवता छोट्या उजवीकडे बसला.

त्यांनी तो दोन व्हायोलिनांचा संथ तुकडाच घेतला. नोटेशनची गरज नव्हती. गज एका वेळी पडले. छोट्याची बोटं जरा ताठरली होती, पण पहिल्या ओळीच्या शेवटी मोकळी झाली. आणि कानसाहेबांच्या उजव्या कानात धाकट्या भावाचा सूर आला. बरोबर. अगदी बरोबर, त्यांच्या सुराला चिकटून. किती वर्षांनी! त्यांना इतका आनंद झाला की वाजवता वाजवता ते हसले. छोट्याने तिरप्या नजरेने त्यांचा चेहरा पाहिला आणि तोही हसला. दारात त्याची बायको पदराने डोळे पुसत होती.

मग कानसाहेबांच्या लक्षात आलं.

उजवा कान प्रत्येक सूर चढवून सांगतो. त्या कानात जो बरोबर वाटतो, तो बरोबर असणार नाही.

त्यांनी गज थांबवला, नाक पुसायचं निमित्त केलं आणि खुर्चीत वळून डावा कान छोट्याकडे केला. छोट्या एकटाच पुढे वाजवत होता, त्या त्याला दिलेल्या शेवटच्या चार ओळी. मोकळी तार वाजली की ती खणखणीत लागत होती. जिथे बोट पडत होतं तिथे सूर खाली होता. प्रत्येक सूर, कणभर. इतकी वर्षं स्वतःचा कान खोटा मानून तो ज्या जागी आला होता, तीच जागा आता त्याच्या कानाने खरी मानली होती. पट्टीवर चिकटपट्ट्या लावून पुन्हा शिकवायला तो काही अर्ध्या चड्डीतला पोरगा नव्हता. तुकडा संपला. त्याने गज मांडीवर ठेवला. त्याचा चेहरा घामाने आणि आनंदाने चमकत होता.

"दादा, खरं सांग. तुझ्या चांगल्या कानाने सांग. आता चढा नाही ना?"

कानसाहेबांनी आयुष्यात कधी उतरलेल्या सुराला बरोबर म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळ आली असती तर त्यांनी नोकरी सोडली असती. त्यांनी दारातल्या भावजयीकडे बघितलं, खुर्चीत आधीसारखे सरळ झाले आणि उजवा कान भावाकडे वळवला.

"पुन्हा एकदा वाजव," ते म्हणाले. "शेवटच्या चार ओळी."

छोट्याने वाजवल्या.

"अगदी बरोबर आहे," कानसाहेब म्हणाले. डावा कान त्यांनी तळहाताने घट्ट झाकून घेतला होता.